चित्र चकचकीत, अंदाज धूसर



हवामानाची बातमी आता फार देखणी झाली आहे. पडद्यावर महाराष्ट्राचा नकाशा गरागरा फिरतो, अरबी समुद्रावरून ढगांचे पुंजके धावत येतात, जिल्हे पिवळे होतात, नारिंगी होतात, मध्येच लाल होतात. निवेदक हात फिरवतो आणि हाताखाली पाऊस पडू लागतो. हे सगळे 'हाय डेफिनिशन' म्हणजे एचडी तंत्राने दाखवले जाते. चित्र इतके स्वच्छ की निवेदकाच्या कोटाची शिवण मोजून घ्यावी.

पण ते चित्र पाहून उठलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला एक साधा प्रश्न विचारा. उद्या तुमच्या मंडळात तिफण काढायची की नाही? सरकी टोबायची की आठ दिवस थांबायचे? ज्वारी खळ्यावर पसरायची की झाकून ठेवायची? तो आपला आभाळाकडेच पाहील. बातमी पाहण्याआधी पाहत होता तसाच.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. चित्र स्वच्छ होणे वेगळे आणि अंदाज स्वच्छ होणे वेगळे. पहिल्यासाठी कॅमेरे, स्टुडिओ आणि पडदे लागतात. दुसऱ्यासाठी गावात पर्जन्यमापक लागतो, टापूत रडार लागते आणि जिल्ह्यात पिकाची जाण असलेला माणूस लागतो. पहिल्याला पैसा मिळतो, दुसऱ्याला कात्री लागते. आणि पहिल्याच्या झगमगाटात दुसऱ्याची उणीव झाकली जाते. आमचे भांडण एचडीशी नाही, या झाकण्याशी आहे.

ठिपक्यांचा हिशेब

आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे. हिशेब केल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. तेव्हा आधी हिशेबच मांडू.

दूरचित्रवाणीचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत उभ्या दिशेने ५७६ ओळी असत. एचडीत त्या १०८० झाल्या. एका ओळीत आता १९२० ठिपके बसतात. म्हणजे सगळा पडदा मिळून वीस लाखांहून जास्त ठिपके, जुन्या चित्राच्या सुमारे पाचपट.

आता या पडद्यावर महाराष्ट्राचा नकाशा बसवा. दक्षिणोत्तर आपले राज्य साधारण ७०० किलोमीटर लांब. ७०० किलोमीटर १०८० ओळींत बसवले की एका ठिपक्याच्या वाट्याला सुमारे दोन-तृतीयांश किलोमीटर येते. राज्याचे क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार ७१३ चौरस किलोमीटर आणि ग्रामपंचायती २८ हजारांच्या आसपास. सरासरी एका ग्रामपंचायतीला ११ चौरस किलोमीटर. म्हणजे एचडीच्या पडद्यावर प्रत्येक ग्रामपंचायतीला वीस-पंचवीस ठिपके येतात. गावागावाचा पाऊस वेगळा दाखवण्याची ताकद त्या काचेत खरोखरच आहे. हे आम्ही नाकारत नाही.

आता अंदाज कुठून येतो ते पाहू. संगणकात सगळ्या पृथ्वीचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनात वारा, दाब, ओलावा, उष्णता यांचे गणित मांडतात. भारतीय हवामान खात्याच्या मुख्य जागतिक प्रारूपाचा चौकोन अनेक वर्षे सुमारे १२ किलोमीटरचा होता. २६ मे २०२५ रोजी 'भारत फोरकास्टिंग सिस्टीम' सुरू झाली आणि तो ६ किलोमीटरवर आला. ही खरी प्रगती आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ती केली, त्याबद्दल त्यांना आमचा रामराम.

पण हिशेब पुढे न्या. १२ किलोमीटरचा चौकोन एचडीच्या पडद्यावर १८ ठिपके लांब आणि १८ ठिपके रुंद होतो. एकूण ३२४ ठिपके. त्या ३२४ ठिपक्यांना मिळून आकडा मात्र एकच. ६ किलोमीटरचा चौकोन घेतला तरी ८१ ठिपक्यांना एक आकडा. मग पडद्यावर रंग इतके मऊ, एकातून दुसऱ्यात विरघळत गेलेले का दिसतात? कारण दोन आकड्यांमधली जागा संगणक रंगवून भरतो. घर रंगवणाऱ्याने भिंतीची भेग लांबी भरून झाकावी, त्यातला हा प्रकार. तो रंग म्हणजे तुमच्या शिवारात कोणी मोजलेला पाऊस नव्हे, आणि गणिताने तुमच्या शिवारासाठी काढलेला आकडाही नव्हे.

आणखी एक गंमत. जुन्या ५७६ ओळींच्या चित्रातही १२ किलोमीटरच्या चौकोनाला शंभराच्या आसपास ठिपके येत होते. म्हणजे आपला जुना डबडा टीव्हीसुद्धा अंदाजापेक्षा कितीतरी बारीक होता! अंदाज अडत होता तो काचेमुळे नव्हे. तरीही सुधारणा म्हणून आपल्यापुढे ठेवली गेली ती काचच.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे कोणाच्या शेतात?

निवेदक म्हणतो, विदर्भात तुरळक ठिकाणी मध्यम पाऊस. हे शब्द हवेत सोडलेले नसतात, त्यांना मापे आहेत. ती मापे आपल्याला कोणी सांगत नाही म्हणून आम्ही सांगतो. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातल्या फार तर चौथा हिस्सा पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे चौथ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्यापासून तीन-चतुर्थांशापर्यंत. त्याच्या वर गेले की जवळपास सर्वत्र. पावसाचेही तसेच. साडेपंधरा मिलिमीटरपर्यंत हलका, तिथून ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून जोरदार. आणि रंग म्हणजे पावसाचे माप नव्हे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा.

आता 'तुरळक ठिकाणी मध्यम पाऊस' याचा कोरडवाहू अर्थ लावा. चारपैकी तीन ठिकाणी पाऊस नाही आणि चौथ्या ठिकाणी १६ ते ६४ मिलिमीटर. १६ मिलिमीटरवर ढेकूळ भिजत नाही आणि ६४ मिलिमीटरला नाला वाहतो. एकाच वाक्यात दोन्ही बसतात! हा अंदाज खोटा ठरूच शकत नाही. विभागात कुठे ना कुठे पाऊस पडतोच आणि खात्याच्या वहीत अंदाज 'बरोबर' म्हणून जमा होतो. शेतकऱ्याच्या वहीत मात्र बियाण्याच्या पाकिटाची किंमत खर्ची पडते.

२०२५ च्या मे महिन्यात काय झाले ते आठवा. २६ मे रोजी मान्सून मुंबईत पोहोचला, कधी नव्हे इतक्या लवकर. सगळ्या वाहिन्यांवर एकच गजर, 'मान्सून महाराष्ट्रात!' मुंबईच्या तुंबलेल्या रस्त्यांची चित्रे अगदी स्वच्छ दिसली, गाड्यांच्या पाट्यांवरचे नंबरसुद्धा वाचता आले. पण महिनाअखेर मान्सूनची वाटचाल थबकली ती जूनच्या मध्यापर्यंत. घाईने पेरू नका, असे हवामान खाते आणि कृषी खाते सांगत होते, हेही मान्य केले पाहिजे. पण तो सल्ला पडद्याच्या तळाशी पळणाऱ्या पट्टीत होता आणि गजर सगळ्या पडद्यावर. 'महाराष्ट्रात मान्सून' ही बातमी वरळीला खरी असते, वणीला ती अफवा ठरू शकते.

स्थानिक कशाला म्हणायचे?

उपग्रहावरून येणारी वाहिनी जात्याच सगळ्यांसाठी एक असते. वरून टाकलेली झूल सगळ्या देशावर सारखीच पडते. पांढरकवड्याला एक आणि दारव्ह्याला दुसरे, असे तिला सांगता येत नाही. स्थानिक बोलायचे तर स्थानिक मनोरा लागतो, ज्याचा आवाज पाच-पंचवीस कोसांपुरताच पोहोचतो.

असे मनोरे आपल्याकडे नव्हते असे नाही. १९८४ च्या सुमारास दूरदर्शनने देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे उभी केली. तालुक्याच्या गावाबाहेर टेकडीवर लोखंडी मनोरा, खाली दोन खोल्या. त्याचा पल्ला साधारण पंधरा-वीस किलोमीटर, म्हणजे नेमका आपल्या बाजारहाटाचा टापू. त्या मनोऱ्यावरून त्या टापूचा अंदाज सांगायला काही स्वर्गातून तंत्रज्ञान आणायचे नव्हते. पण त्या केंद्रांना स्वतःचे तोंडच दिले नाही. दिल्लीने बोलायचे, मुंबईने बोलायचे आणि तालुक्याने पुढे ढकलायचे. २०२२ पर्यंत जवळजवळ सगळे मनोरे बंद झाले. तालुक्याला बोलता येईल असे एकमेव दूरचित्रवाणी यंत्र तालुक्यासाठी एकदाही न वापरता भंगारात गेले.

हे अशक्य होते का? मुळीच नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या पीज या गावी १९७५ साली एक छोटे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. अहमदाबादचे अवकाश उपयोग केंद्र आणि दूरदर्शन यांनी ते चालवले. जिल्ह्याचे कार्यक्रम, जिल्ह्याच्या बोलीत, जिल्ह्यातल्या माणसांच्या प्रश्नांवर. १९८४ साली युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार त्याला मिळाला. चित्र काळे-पांढरे होते, ठिपके थोडे होते, पण बोलणारा खेड्याशी बोलत होता. पुरस्कार घेतलेले ते केंद्रही पुढे बंद करण्यात आले.

आणि आपल्या पट्ट्यातली आकाशवाणी? परभणी, अकोला, यवतमाळ इथून ती बोलते. तिला चित्रच नाही, ठिपका एकही नाही. तरी वादळात वीज गेली की एचडीचा पडदा काळा होतो आणि सेलवरचा ट्रान्झिस्टर बोलत राहतो. जूनच्या पहिल्या वावटळीत तारा तुटतात आणि हवामानाची बातमी हवी असते तीही नेमकी त्याच रात्री.

अमेरिकेकडे बोट दाखवणाऱ्यांना

एचडीचे कौतुक करणारे लगेच अमेरिकेचा दाखला देतात. तिथे म्हणे प्रत्येक शहराची वाहिनी आपल्या भागाचे हवामान चोवीस तास एचडीत दाखवते, शेतकरी चहा पितापिता पाहतो आणि ट्रॅक्टर काढतो.

खरे आहे. पण पडद्यामागे काय आहे तेही सांगा ना! तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेची १२२ स्थानिक अंदाज कार्यालये आहेत. देशभर दीडशेहून अधिक डॉप्लर रडारांचे जाळे आहे. ओक्लाहोमासारख्या चक्रीवादळांच्या मुलखात एका खासगी वाहिनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्वतःचे डॉप्लर रडार बसवले, तेव्हा एचडीचा पत्ताही नव्हता. १९९८ साली कोलोरॅडोत सामान्य नागरिकांनी परसात पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस कळवण्याची चळवळ सुरू केली, कारण आदल्या वर्षी फोर्ट कॉलिन्स शहरात आलेल्या पुराचा पाऊस गल्लीगल्लीत वेगळा होता आणि मोजायला पुरेशी मापे नव्हती. ती चळवळ पुढे देशभर पसरली.

म्हणजे त्यांनी आधी माप बसवले, मग रडार, मग माणूस आणि शेवटी काच. आपण शेवटची पायरी आधी चढलो आणि खालच्या पायऱ्या नाहीत म्हणून लोंबकळत आहोत.

रडारचेच घ्या. एचडीचा खरा उपयोग कुठे असेल तर तो इथे आहे, हे आम्ही उघडपणे सांगतो. रडारचे ताजे चित्र मोठ्या स्वच्छ पडद्यावर दिसले, तर दीड-दोन तासांवर आलेले वादळ डोळ्यांनी पाहता येते. वेचलेला कापूस झाकता येतो, बैल झाडाखालून सोडून आणता येतात, विजेच्या वेळी बायामाणसे घरी आणता येतात. पण रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी गोल आहे. दोनशे किलोमीटर गेल्यावर तो किरण जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर उंचावर असतो. ढगाचा माथा दिसतो, पाऊस झरतो तो तळ दिसत नाही. नागपूरच्या रडारपासून बुलढाणा तीनशे किलोमीटरहून लांब. तिथल्या शिवारातला पाऊस नागपूरच्या रडारला दिसणार कसा? आणि रडारला जे दिसत नाही ते एचडी काय दाखवणार?

माणसे घालवली, बाहुल्या आणल्या

आता सगळ्यात बोचरी गोष्ट.

२०१८ पासून देशातल्या कृषी विज्ञान केंद्रांमध्ये 'जिल्हा कृषी हवामान केंद्रे' सुरू झाली. एकूण १९९. केंद्राची रचना दोन माणसांची होती, एक कृषी हवामानाचा तज्ज्ञ आणि एक निरीक्षक. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते तालुकावार सल्ला काढत. कुठे कोणते पीक कोणत्या अवस्थेत आहे, फवारणी करावी की थांबावी, पेरणीला ओल पुरेशी आहे का. त्यांचे सगळे अंदाज बरोबर येत असे आम्ही म्हणत नाही. पण तो माणूस जिल्ह्यात राहत होता. चुकला तर त्याच्याकडे जाऊन 'का चुकलात?' असे विचारता येत होते. २०२४ च्या जानेवारीत आदेश निघाला आणि आर्थिक वर्ष संपता संपता ही १९९ केंद्रे बंद करण्यात आली. अकोला, परभणी, राहुरी इथल्या विद्यापीठांतली मोठ्या विभागांची जुनी केंद्रे राहिली, जिल्ह्याचा माणूस गेला.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, २६ मे २०२४ रोजी, दूरदर्शनच्या किसान वाहिनीवर दोन नवे निवेदक आले, 'क्रिश' आणि 'भूमी'. ती माणसे नव्हेत, संगणकाने बनवलेल्या बाहुल्या आहेत. त्या थकत नाहीत, पन्नास भाषांत बोलतात, हवामानही सांगतात, असे त्यांचे वर्णन करण्यात आले. बाहुलीला पन्नास भाषा येतील, पण तिला एक साधा प्रश्न विचारा. बाई, परवा तुम्ही सांगितलेला पाऊस आला नाही, माझी सरकी जमिनीत भाजली, आता मोड करू की वाट पाहू?

पैसा नव्हता म्हणावे तर तसेही नाही. २०२३ च्या जानेवारीत केंद्राने आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या सुधारणेसाठी २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीत रेडिओचा विस्तारही आहे, तो आम्हाला हवाच आहे. पण स्टुडिओ आणि प्रक्षेपणाच्या गाड्या एचडीसाठी सज्ज करणे हेही तीत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये हवामानासाठी 'मिशन मौसम' या नावाने २,००० कोटी मंजूर झाले. त्यातून रडार वाढणार, संगणक वाढणार. चांगलेच आहे. मग जिल्ह्यातली दोन माणसेच तेवढी जड झाली होती काय?

चुकीची किंमत कोण भरतो?

कपाशीला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खाली गेल्याशिवाय लागवड करू नये, असे विद्यापीठे सांगतात आणि ते बरोबर आहे. पण शेतकऱ्याला कळले पाहिजे की त्याच्या शिवारात किती मिलिमीटर झाले आणि पुढच्या दहा दिवसांत खंड पडणार आहे का. २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे बसली. तरीही सरासरी काढा. दीडशे चौरस किलोमीटरला एक. जूनचा वळीव बांधाच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे धूळ राहते. दीडशे चौरस किलोमीटरचा निवाडा एक भांडे काय करणार? आणि त्याच भांड्यावर आपली अतिवृष्टीची मदत ठरते. मंडळात ६५ मिलिमीटर नोंदले तर अतिवृष्टी, नाहीतर तुमचे वाहून गेलेले शेत हा तुमचा भ्रम!

अंदाज दोन तऱ्हांनी चुकतो. पाऊस सांगितला आणि आला नाही, तर दुबार पेरणी. २०२५ च्या हंगामात बीटी कपाशीच्या बीजी-२ पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती. एकरी दोन पाकिटे धरली तर पाच एकरांत ९,०१० रुपयांचे बियाणे मातीत गेले. मजुरी वेगळी, गेलेले दिवस वेगळे. पाऊस नाही म्हटले आणि आला, तर फुटलेल्या बोंडांची कवडी होते, खरिपाच्या ज्वारीचे कणीस काळे पडते, फवारलेले औषध धुऊन जाते. दोन्ही वेळा नुकसान आपले. चुकणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही. दुसऱ्या दिवशी तोच नकाशा, तेच रंग, आणि कालच्या अंदाजाबद्दल एक अवाक्षर नाही.

म्हणूनच २०१७ च्या जुलैत बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. शहरातले लोक हसले. हवामान काय चोर आहे की पोलीस पकडतील? आम्हाला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. दाद मागायला दुसरे दार नसले की माणूस दिसेल ते दार ठोठावतो.

दोन आक्षेप, दोन उत्तरे

कोणी म्हणेल, टीव्हीचे काय घेऊन बसलात, आता मोबाइलवर गावागावाचा अंदाज मिळतो. हो, २४ ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतनिहाय अंदाज देण्याची योजना सुरू झाली आहे. 'मेरी पंचायत' ॲपवर तो पाहता येतो. विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ॲप आहे, ते प्रत्येकाने जरूर वापरावे. पण चौकोनाचा आकडा घेऊन त्याला गावाचे नाव चिकटवले म्हणजे तो गावाचा अंदाज होत नाही. काचेवरचा ठिपका आणि ॲपमधले गावाचे नाव, दोन्ही एकाच कुळातले. गावात मोजमाप नसेल तर गणिताची सुरुवातच उसन्या आकड्याने होते, आणि चूक कुठे झाली ते तपासायलाही कोणी नसते.

दुसरे कोणी म्हणेल, तुम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात आहात. उलट आहे. आम्हाला तंत्रज्ञान हवे आहे, सगळे हवे आहे आणि आमच्या बांधापर्यंत हवे आहे. मोठ्या पल्ल्याचा अंदाज सुधारला आहे हे आम्ही जाणतो. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, देशभरात ३६ टक्के तूट. तो महिना सरासरीपेक्षा कोरडा जाईल हे खात्याने आधीच सांगितले होते. विज्ञान शेतकऱ्याच्या उपयोगी पडू शकते याचा हा पुरावाच आहे. पण देशाचा ऑगस्ट कोणी नांगरत नाही. आपण नांगरतो ते आपले पाच एकर. विज्ञान तिथवर आणायचे तर वाट मापाच्या भांड्यावरून जाते.

तोवर आपण काय करायचे?

मागणी करून हात जोडून बसणे ही आपली रीत नाही. या हंगामात प्रत्येक गावशाखेने एक काम करावे. एक पर्जन्यमापक बसवावा. विकतचा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर सपाट तळाचा, सरळ उभ्या कडांचा डबा चालतो. आत साचलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरच्या पट्टीने मोजायची. डबा उघड्यावर ठेवा. घर किंवा झाड जितके उंच, त्याच्या दुप्पट तरी अंतर सोडा. खात्याची वेळ सकाळी साडेआठची आहे, आपणही तीच पाळू. शाळकरी मुलेसुद्धा हे काम करू शकतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर चार हजार लिटर पाणी, एवढे ध्यानात ठेवले तरी त्या पट्टीवरच्या रेघेची किंमत कळेल.

वहीत रोज चार रकाने भरा. तारीख, काल सांगितलेला अंदाज, प्रत्यक्ष मोजलेला पाऊस आणि त्या दिवशी शेतात केलेले किंवा थांबवलेले काम. अडीच मिलिमीटरपासून पुढे पावसाचा दिवस धरा. हंगाम संपला की मोजा. सांगितला आणि आला असे दिवस किती, सांगितला आणि आला नाही असे किती, न सांगता आला असे किती. शंभर गावांच्या अशा वह्या जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवल्या की कोणीही 'शेतकऱ्यांना अंदाज समजत नाहीत' असे म्हणू शकणार नाही. मंडळाच्या केंद्रात ४० मिलिमीटर नोंदले आणि तुमच्या डब्यात ९० भरले, तर मदतीच्या भांडणातही ती वही बोलेल. सरकार ती लगेच मानणार नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. पण रिकाम्या हाताने भांडण्यापेक्षा वही घेऊन भांडलेले बरे.

जिल्हा बैठकीपुढे ठेवायचे ठराव

१. प्रत्येक ग्रामपंचायतीत सरकारने पर्जन्यमापक बसवावा आणि त्याचा आकडा रोज सकाळी गावाच्या फळ्यावर लिहावा.

२. २०२४ मध्ये बंद केलेले जिल्ह्याचे कृषी हवामान केंद्र जिल्ह्याला कायमचे मिळावे, त्यात माणूस असावा आणि तो महिन्यातून एकदा शेतकऱ्यांपुढे उभा राहावा.

३. रडारच्या नजरेबाहेर राहिलेल्या कोरडवाहू जिल्ह्यांचा नकाशा जाहीर करावा आणि नवी रडारे बसवताना आधी त्यांचा विचार व्हावा.

४. आकाशवाणीच्या जिल्हा केंद्रांवरून रोज पहाटे आणि संध्याकाळी मंडळवार अंदाज सांगावा. 'तुरळक', 'काही ठिकाणी' या शब्दांची मापेही सोबत सांगावीत.

५. सरकारी पैशाने चालणाऱ्या प्रत्येक वाहिनीने हवामानाच्या बातमीत रोज अर्धा पडदा कालच्या अंदाजाला आणि अर्धा पडदा काल प्रत्यक्ष पडलेल्या पावसाला द्यावा, मंडळामंडळाने.

हा पाचवा ठराव मन लावून वाचा. मंडळांची ही जोडी शेजारी शेजारी दाखवायला स्वच्छ पडदा लागतो, बारीक ठिपके लागतात. एचडीला करण्याजोगे काम आम्ही काढून दिले आहे! काल काय म्हणालात आणि काल काय झाले, एवढे रोज दाखवा. ते दाखवण्याची हिंमत ज्या दिवशी येईल, त्या दिवशी अंदाजही आपोआप सुधारू लागेल, कारण झाकायला रंग उरणार नाही.

पुढच्या बैठकीला येताना वही आणा. ज्या गावाने डबा बसवला नसेल, त्याने का बसवला नाही ते सांगायला तरी या.